आत्याची गाडी

“केतकी, आज आत्याच्या गाडीत बसायचं हं,” मी म्हणाले.

“कालपण मीच बसले होते. आज दादाचा नंबर.”

“दादाचे पाय लांब झालेत. त्या गाडीत त्याला आखडून बसावं लागतं.”

“मग आपल्या गाडीत काय त्याचे पाय छोटे होतात?”

आठ वर्षांची पोर, पण वकिलाला पाणी पाजील असं बोलायची. बारा वर्षांचा सुमेध आधीच आमच्या गाडीत मागे बसून खिडकीच्या काचेवर वाफ सोडत होता. पलीकडे वन्सं, म्हणजे ह्यांची मोठी बहीण, आपल्या गाडीचं मागचं दार उघडं धरून उभ्या होत्या आणि समोरच्या डोंगराकडे बघत होत्या. आमच्याकडे बघायचं नसलं की त्या डोंगराकडे बघायच्या, आणि त्या भागात डोंगरांना काही तोटा नव्हता. केतकीनं नाक फुगवून माझ्याकडे बघितलं आणि गेली. दार लागलं. मला हायसं वाटलं आणि लगेच तिला परत बोलवावंसं वाटलं. त्या सगळ्या प्रवासात माझं हे असंच चाललं होतं.

एकोणीस वर्षं झाली ह्याला. आम्ही कराडहून चौघं गेलो होतो. वन्सं आणि त्यांचे यजमान मुकुंदराव वीस वर्षं जर्मनीत, श्टुटगार्टला राहत होते. त्यांनी दहा दिवसांची सहल आखली होती. ऑस्ट्रिया, इटली आणि परत, दोन गाड्यांतून. सहा माणसं आणि सामान एका गाडीत मावणार नाही, हे कारण मुलांना सांगायला होतं. खरं कारण मुकुंदरावांनी फोनवर ह्यांना सांगितलं होतं. “दोन गाड्या असल्या की केतकीला आमच्याजवळ बसायची सवय होईल. एकदम नको तोडायला.”

सहल संपल्यावर आम्ही तिघं परत येणार होतो आणि केतकी तिथं राहणार होती. कायमची.

वन्संना मूल नव्हतं. सगळे उपाय करून झाले होते. सासूबाई गेल्या त्याच्या आधीच्या आठवड्यात त्यांनी माझा हात धरला आणि वन्संच्या हातावर ठेवला. “मंजिरीला दोन आहेत,” त्या म्हणाल्या. “माझ्या उज्ज्वलाची ओटी रिकामी ठेवू नका.” खोलीत सातआठ माणसं होती. कुणी ब्र काढला नाही. मी हो म्हणाले नव्हते, पण नाहीही म्हणाले नाही, आणि आमच्या घरात गप्प बसणं म्हणजे होकारच धरतात.

आणि खोटं कशाला बोलू, मलाही मोह पडला होता. इथं साठ पोरांचा वर्ग, तिथं पंधरा. इथं नळाला एक दिवसाआड पाणी. पोरगी हुशार, तिचं नशीब उघडेल, आणि काय परक्याकडे जाणार आहे, आत्याच ती, असं मी बायकांना सांगत सुटले होते. सांगता सांगता माझं मलाच पटायचं. रात्री ती कुशीत पाय टाकून झोपली की पटायचं थांबायचं.

वन्संनी तिला एकदाही ओढून घेतलं नाही. ओढलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं. त्या नुसत्या सफरचंदाच्या फोडी करून डब्यात ठेवायच्या, तिची वेणी घालू का म्हणून मला विचारायच्या. मला विचारायच्या, तिला नाही! मी म्हणायचे, घाला की, त्यात काय विचारायचं. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगीच नाही. आठ दिवस आम्ही दोघी एकमेकींची भीड सांभाळत होतो आणि पोरगी ह्या गाडीतून त्या गाडीत फिरत होती. प्रत्येक थांब्यावर ती हळूच आमच्या गाडीत घुसायला बघायची आणि प्रत्येक थांब्यावर मी काहीतरी कारण काढून तिला तिकडे धाडायचे.

त्या दिवशी आम्ही परतीला लागलो होतो. दुपारी ऑस्ट्रियात हायवेवरच्या एका थांब्याला गाड्या लावल्या. पेट्रोलपंप, एक दुकान, झाडाखाली लाकडी बाकं. मी सकाळीच लॉजच्या स्वयंपाकघरात उपमा करून घेतला होता, तो कागदी ताटल्यांत वाढला. मुकुंदरावांनी नकाशा पसरला.

“श्रीनिवास, आता पुढं लांबलचक बोगदा आहे. घाबरू नकोस. माझ्या मागं मागं राहा.”

“घाबरतोय कुठं मी?” हे म्हणाले. कराडात स्कूटर चालवणारा माणूस, उजव्या बाजूनं गाडी चालवायची म्हणजे ह्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं असायचं. मेव्हण्याची गाडी जरा पुढं गेली की हे गाईमागं वासरू धावावं तसे धावायचे.

जेवणं झाली. केतकी माझ्या शेजारी चिकटून बसली होती. मला दिसत होतं, ती उठली की आमच्याच गाडीकडे जाणार.

“केतकी, ह्या ताटल्या गोळा कर आणि तिकडं त्या मोठ्या डब्यात टाकून ये. शहाणी ना माझी?”

तिनं माझ्याकडे बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं, असं मला आता वाटतं. मग सहा ताटल्या एकावर एक रचून, आपली छोटी पाठपिशवी खांद्याला लावून ती निघाली. डबा वन्संच्या गाडीच्याच दिशेला होता. मी मनात म्हटलं, बरं झालं, जाईल तशीच तिकडं. आणि तिच्याकडे पाठ करून गाडीत बसले. नजरानजर झाली असती तर ती परत आली असती, किंवा मीच तिला बोलावलं असतं.

मुकुंदरावांची गाडी हलली.

“केतकी?” ह्यांनी विचारलं.

“गेली तिकडं. आज आपणहून गेली. चला, नाहीतर पुढं जातील ते.”

आम्ही निघालो.

पाच मिनिटं झाली नसतील, मला चैन पडेना. मुकुंदरावांनी आम्हांला एक जुना मोबाइल दिला होता, तो मी मांडीवर घेऊन बसले होते.

“फोन करू का? पट्टा लावला का विचारते.”

“उज्ज्वलाताईला कळत नाही का पट्टा लावायचा?”

“नाही तसं नाही. पाणी प्यायली का ती?”

“मंजिरी,” हे म्हणाले, रस्त्यावरची नजर न काढता, “कालपण तू चार वेळा फोन केलास. ताईला काय वाटत असेल? देतेय आणि देतही नाहीये.”

मी फोन पर्समध्ये टाकला. परत काढला. खिडकी उघडली, वारा फार लागला म्हणून बंद केली. सुमेधला विचारलं, चिवडा हवा का. तो नको म्हणाला. मी तरीही डबा काढला, झाकण उघडलं आणि चिवडा सगळा पायाशी सांडला.

“आई, तुला काय होतंय?” सुमेधनं विचारलं.

“मला कुठं काय होतंय? तू बाहेर बघ. एवढा खर्च करून आणलंय.”

मग बोगदा आला. तो संपेचना. पिवळे दिवे मागे पळत होते आणि पुढच्या गाडीच्या मागच्या काचेतून मी एक लहान डोकं शोधत होते. दिसलं नाही. झोपली असेल आडवी, मी मनाला सांगितलं. चांगलंच आहे. सवय झाली.

बोगद्यापलीकडे बऱ्याच अंतरावर मुकुंदरावांनी पेट्रोलसाठी गाडी वळवली. आम्हीही मागोमाग. वन्सं उतरल्या आणि हातात तो सफरचंदाच्या फोडींचा डबा घेऊन आमच्याकडे आल्या.

“केतकीला दे ग. मघाशी मागत होती.”

मी डबा घेतला नाही.

“वन्सं, केतकी तुमच्याकडे आहे.”

“काहीतरीच काय? ती तुझ्या अंगाला चिकटून बसली होती. मला वाटलं, आज तिला तुझ्याजवळ बसायचंय. म्हटलं, राहू दे, कशाला...” त्यांनी वाकून आमच्या गाडीत बघितलं. सुमेध एकटा. डबा त्यांच्या हातातून पडला.

पुढचं मला सलग आठवत नाही. मुकुंदराव फोनवर जर्मनमध्ये बोलत होते, तिच्या अंगातला कपडा कुठल्या रंगाचा, असं मला विचारत होते. मला रंग आठवेना. मीच सकाळी घातला होता तो फ्रॉक, आणि मला रंग आठवेना! सुमेधनं सांगितलं, पिवळा.

“पोलीस म्हणतायत, तुम्ही आहात तिथंच थांबा, ते माणूस पाठवतायत,” मुकुंदराव म्हणाले.

“थांबतंय कोण!” मी म्हणाले. “अहो, गाडी वळवा.”

आणि आमच्या ह्यांनी, जन्मात पहिल्यांदा, मेव्हण्याची वाट न बघता गाडी काढली. मुकुंदराव फोनवरच होते. वन्सं डांबरावरच्या फोडी वेचत होत्या, एक एक.

बोगद्यात शिरल्यावर आमचं जुंपलं.

“तूच म्हणालीस गेली तिकडं.”

“आणि तुम्ही मागं वळून बघितलंत? दोन गाड्या, चार मोठी माणसं, आणि एकानं पोरगी मोजली नाही.”

“तिला तिकडं धाडायची घाई तुला होती.”

“मला? शब्द तुमच्या आईनं घेतला.”

“तू तेव्हा तोंड का नाही उघडलंस? एरवी बरं उघडतं.”

“कसला शब्द?” सुमेधनं मागून विचारलं.

“तू गप्प बस!” आम्ही दोघंही एकदम ओरडलो. आरशात बघितलं तर त्याचे डोळे भरले होते, आणि मला त्याच्याकडे बघायलाही सवड नव्हती.

हायवेवर परतताना आम्ही पलीकडच्या बाजूनं येत होतो. मध्ये लोखंडी कठडा, चार पदरी वाहनं, आणि पलीकडे तो पंप दिसला. ती झाडं, ती बाकं.

“ती बघ! ती बघ केतकी!” सुमेध ओरडला.

पिवळं काहीतरी होतं बाकावर. एकटं.

“थांबवा,” मी म्हणाले.

“इथं नाही थांबवता येत.”

“अहो, थांबवा! मी जाते पळत.”

“मरशील! पुढून वळायला रस्ता आहे, तिथून परत येऊ.”

“किती पुढं?”

ह्यांनी पाटी वाचली. “नऊ किलोमीटर.”

पोरगी डोळ्यांसमोर दिसतेय आणि आम्ही ताशी शंभरच्या वेगानं तिच्यापासून लांब चाललोय. मी मागं वळून बसले. झाडं बारीक झाली, पंप बारीक झाला, पिवळं काहीच दिसेना. मी माझ्या मांडीवर मुठी मारत होते. सुमेध म्हणाला, “आई, नको ना,” तेव्हा मला ते कळलं. मला त्या क्षणी कुणी विचारलं असतं, तर मेलेल्या सासूबाईंनाही मी बोलायचं ते बोलले असते.

वळून परत पोचलो तेव्हा तिला तिथं सोडून पावणेदोन तास झाले होते. गाडी पुरती थांबायच्या आत मी उडी मारली.

केतकी त्या कचऱ्याच्या डब्याजवळच्या बाकावर बसली होती. पाय लोंबते, पाठपिशवी मांडीवर. दुकानातली एक जाडजूड बाई, अंगात निळा डगला, तिच्याशेजारी बसली होती. केतकीच्या हातात बिस्किटाचा पुडा होता, न फोडलेला. मी तिला धरलं, सगळीकडून चाचपलं, आणि मग माझा हात उठला. एक धपाटा घातला पाठीत. निळ्या डगल्यातली बाई एकदम उभी राहिली.

“ओरडायचं नाही का? गाडीमागं पळायचं नाही का? दिसली नाही का गाडी जाताना?”

“दिसली,” केतकी म्हणाली.

“मग?”

“मग बसले इथं.”

रडली नव्हती. गालावर ओघळ नाही, डोळे लाल नाहीत. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

“आत्या कुठाय?” तिनं विचारलं.

“येतीये मागून.”

“मग तू कशाला आलीस?”

मला वाटलं, रागावलीय. पण सुट्टीच्या दिवशी शाळा कशी काय उघडी असं विचारावं, तसं विचारत होती ती.

“म्हणजे काय? तुला न्यायला आले. तू राहिलीस ना मागं, चुकून.”

“चुकून?”

“मग काय मुद्दाम? त्यांना वाटलं आमच्या गाडीत, आम्हांला वाटलं त्यांच्या गाडीत.”

तिनं जरा विचार केला. पाठपिशवीचा पट्टा बोटाला गुंडाळला, सोडला.

“पण बाबाच म्हणाले होते,” ती म्हणाली. “परवा रात्री, लॉजवर. तुम्हांला वाटलं मी झोपलेय. बाबा म्हणाले, आत्याकडे ठेवताना रडारड नको, तिला कशाला तरी पाठवायचं आणि आपण निघायचं. आणि तू म्हणालीस, ती समजूतदार आहे, नाही रडायची.”

मी तिला धरलेला हात सोडला.

“तू मला ताटल्या टाकायला पाठवलंस,” केतकी म्हणाली. “मला वाटलं, हेच ते. आता आत्या येणार. म्हणून मी कुठं गेले नाही, इथंच बसले. आणि मी रडले नाही हं. त्या मावशींना विचार.”

तिनं निळ्या डगल्यातल्या बाईकडे बोट दाखवलं. त्या बाईला काही कळलं नाही, ती हसली.

हे माझ्या मागं येऊन उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. “मी ते विमानतळाबद्दल बोललो होतो ग,” ते केतकीला म्हणाले. “इथलं नव्हतं ते.” जसं काही त्यानं फरक पडणार होता! मग त्यांचं त्यांनाच कळलं, आणि ते बाकाच्या कडेला बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. सुमेध त्यांच्याजवळ जाऊन नुसता उभा राहिला.

आठ दिवस आम्ही तिला सवय लावत होतो, आणि ती शहाण्या पोरीसारखी लावून घेत होती. आईनं सांगितलेलं काम करावं तशी. एकदाही तिनं विचारलं नाही, मला का देताय. मी तिच्याजवळ जमिनीवर बसले. माफी कशी मागतात पोरीची, मला ठाऊक नव्हतं. आमच्याकडे मोठी माणसं मुलांची माफी मागत नाहीत. मी तिच्या बुटाची सुटलेली नाडी बांधली.

तेवढ्यात वन्संची गाडी आली. त्या दार उघडून धावत आल्या, केतकीला पोटाशी धरलं, तिच्या केसांत तोंड खुपसून मोठ्यानं रडल्या. केतकीनं रडू दिलं. मग त्यांच्या हातातून सुटून तिनं बिस्किटाचा पुडा उचलला, पाठपिशवी खांद्याला लावली, आणि कुणाकडे न बघता चालत वन्संच्या गाडीकडे गेली. मागचं दार उघडलं. आत बसली. पट्टा ओढून स्वतःच लावला आणि समोर बघत बसली.

कुणीच तिच्यामागं गेलं नाही. मुकुंदरावसुद्धा.

मी उठले. इतकी वर्षं झाली, पण त्या वीस पावलांइतकं मी कधी चालले नसेन. दार उघडून मी वाकले आणि तिचा पट्टा सोडला.

“उतर.”

“का?”

“आपल्या गाडीत बसायचंय.”

“आज?”

“आज. उद्या. नेहमीच.”

तिचा विश्वास बसला नाही. ती जागची हलली नाही. माझ्या चेहऱ्याकडे बारकाईनं बघत तिनं विचारलं, “मग दादाला देणार?”

“कुणालाच देणार नाही,” मी म्हणाले. मोठ्यानं म्हणाले. दीड वर्षापूर्वी त्या खोलीत म्हणायला हवं होतं, ते त्या पेट्रोलपंपावर म्हणाले. “कुणालाही नाही. कधीच नाही.”

तेव्हा कुठं केतकीचं तोंड वाकडं झालं. आणि ती भोकाड पसरून रडायला लागली, पावणेदोन तासांचं एकदम. मी तिला उचलून घेतलं. आठ वर्षांची, जड झालेली, पाय माझ्या गुडघ्यापर्यंत लोंबत होते.

वळले तर वन्संच मागे उभ्या होत्या, हातभर अंतरावर. सगळं ऐकलं होतं त्यांनी. मला वाटलं, आता सासूबाईंचा शब्द काढतील. काढला असता तरी मी ऐकणार नव्हते, पण त्यांच्या डोळ्यांत बघायचं माझं धाडस होईना.

त्यांनी गाडीत हात घालून एक जॅकेट काढलं. नवंकोरं, निळं, लहान मापाचं. त्यावरची किमतीची चिठ्ठी अजून तशीच होती. दुकानातून कधी घेतलं होतं कोण जाणे, आम्हांला दाखवलं नव्हतं. त्यांनी दातानं दोरा तोडून चिठ्ठी काढली आणि जॅकेट माझ्या खांद्यावर, केतकीच्या पाठीवर टाकलं.

“वारा सुटलाय,” त्या म्हणाल्या. “घाल तिला.”